रेंज गेली तरी काम चालू: टर्मिनल सेशनची गोष्ट

पाथर्डीतून बोलतोय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहूनही देतोय. थोडी काटछाट केली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

मागे तिसगावकडच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. पोरगा कोर्स करतोय, लॅपटॉप नाही, सगळं फोनवरून. मुंबईतल्या एका भाड्याच्या सर्व्हरला फोनवरून जोडून त्याने दोनेक तासांचं एक काम लावलं होतं. काम संपत आलं आणि इकडे लाइट गेली, टॉवरचा दम संपला, रेंज गेली. रेंज परत आल्यावर बघतो तर काम मधेच मेलेलं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्याचा प्रश्न एकदम बरोबर होता. सर्व्हर मुंबईत, तिथली लाइट काही गेली नव्हती. मग रेंज आपली गेली तर तिकडचं काम का थांबावं?

या प्रश्नाचं उत्तर पन्नास वर्षांपूर्वीच्या टेलिफोन लाइनमध्ये आहे. आजचा भाग त्यावरच. शेवटी फोनवरून लगेच करून बघता येईल असा उपायही सांगतो.

आधी शब्द स्पष्ट करू. काळ्या पडद्यावर आपण अक्षरांत हुकूम लिहितो आणि मशिन अक्षरांतच उत्तर देतं, तो पडदा म्हणजे टर्मिनल. तुम्ही लॉगिन केल्यापासून बाहेर पडेपर्यंत त्या मशिनवर तुमचं जे काही चालू असतं, ते तुमचं सेशन. गिरणीचं उदाहरण घ्या. आपण दळणाचा डबा ठेवतो, बाजारहाट करून येतो, पीठ तयार असतं. आता समजा अशी गिरणी आहे, जिथे तुम्ही दाराबाहेर पाऊल टाकलं की गिरणीवाला पट्टा थांबवतो आणि अर्धं दळलेलं पीठ फेकून देतो. अशा गिरणीत कोण जाईल? पण युनिक्स ही गिरणी सुरुवातीला तशीच होती, आणि त्याला कारण होतं.

युनिक्सचा जन्म १९६९ सालचा, अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची ही त्यातली मोठी नावं. आज तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात जो लिनक्स आहे तो याच घराण्यातला. त्या काळी पडदा नव्हताच. टेलिटाइप नावाचं, टाइपरायटरसारखं खडखडणारं यंत्र असायचं. मॉडेल ३३ हे त्यातलं प्रसिद्ध, सेकंदाला १० अक्षरं कागदावर छापणारं. युनिक्समध्ये टर्मिनलला आजही ‘टीटीवाय’ म्हणतात, ते टेलिटाइपचंच लघुरूप. मशिन एका इमारतीत आणि माणूस दुसरीकडे असेल, तर मधे साधी टेलिफोन लाइन आणि मोडेम.

आता फोन कट झाला तर? मशिनच्या दृष्टीने त्याचा अर्थ एकच होता, माणूस गेला. त्यासाठी युनिक्समध्ये एक सिग्नल आहे, ‘हँग अप’, म्हणजे फोन ठेवला. लाइन तुटली की सिस्टिम हा सिग्नल तुमच्या शेलला, म्हणजे तुमचे हुकूम ऐकणाऱ्या प्रोग्रामला देते, आणि तुमच्या चालू कामांपर्यंतही तो पोचतो. वेगळं काही सांगून ठेवलेलं नसेल तर प्रोग्राम हा सिग्नल मिळताच मरतो. तिसगावच्या पोराचं काम मेलं ते यानेच. त्याच्याकडे ना मोडेम, ना टेलिफोन लाइन. पण जोडणी तुटली असं मुंबईच्या मशिनला समजलं, आणि त्याने तोच जुना निरोप पाठवला.

हा नियम त्या काळात मूर्खपणाचा नव्हता. १९७१ च्या सुमाराला युनिक्स ज्या पीडीपी-११ मशिनवर चालायचं, त्याची मेमरी २४ किलोबाइट होती. त्यातले १६ सिस्टिमलाच लागायचे, लोकांसाठी उरायचे ८. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक साधा फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो. गेलेल्या माणसाचं काम सांभाळत बसायला जागा कुठे होती? दुसरी भीती याहून मोठी. तुमची लाइन तुटली, सेशन उघडंच राहिलं, आणि त्याच लाइनवर पुढचा फोन दुसऱ्या कुणाचा लागला, तर तो थेट तुमच्या घरात. त्यापेक्षा दार बंद करून टाकलेलं बरं.

पण दुसरा मार्ग तेव्हाही होता, आणि तो आपल्या मुंबईत आलेला होता. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात डीईसी कंपनीचं डेकसिस्टिम-१० आलं. एक मोठं मशिन आणि त्यावर टर्मिनलवरून एकाच वेळी काम करणारे अनेक जण. या मशिनांची जी सिस्टिम होती, टॉप्स-१०, तिच्यात ‘डिटॅच’ आणि ‘अटॅच’ असे दोन हुकूमच होते. डिटॅच म्हणजे काम चालू ठेवून टर्मिनल सोडणं. अटॅच म्हणजे परत येऊन, हवं तर दुसऱ्याच टर्मिनलवरून, त्याच कामाला जोडून घेणं. म्हणजे माणूस गेला तरी काम राहू शकतं ही कल्पना जुनीच. मूळ युनिक्समध्ये मात्र ती नव्हती.

आता १९९५ वर या. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने, म्हणजे व्हीएसएनएलने, सामान्य लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं. सुरुवात मुंबईसारख्या मोजक्या शहरांत. आजच्यासारखं चित्रांचं इंटरनेट घ्यायचं तर महागडं खातं लागायचं. पुष्कळ जणांकडे, खास करून विद्यार्थ्यांकडे, असायचं ते शेल अकाउंट. तुमच्या घरातल्या मोडेमने फोन लावायचा आणि व्हीएसएनएलच्या युनिक्स मशिनचं टर्मिनल व्हायचं. मेल वाचायला पाइन, वेबसाइट बघायला लिंक्स, दोन्ही निव्वळ अक्षरांत. त्या काळच्या मुंबईकरांच्या ईमेल पत्त्यांत ‘बीएम’ ही अक्षरं दिसतात, बीएम म्हणजे बॉम्बे. पुणेकरांच्या पत्त्यांत ‘पीएन’. फाइल उतरवायची तर आधी त्या युनिक्स मशिनवर, मग तिथून झेडमोडेमने आपल्या कॉम्प्युटरवर, असं दोनदा.

म्हणजे महाराष्ट्रातल्या इंटरनेटच्या पहिल्या पिढीतल्या पुष्कळांचं इंटरनेट म्हणजे टेलिफोन लाइनच्या टोकाला असलेलं एक युनिक्स सेशन. घरात कुणी दुसऱ्या खोलीतला रिसीव्हर उचलला, की तोच १९७० च्या दशकातला नियम लागू, फोन ठेवला म्हणजे माणूस गेला. पाथर्डीचं तर बोलायलाच नको. १९९५ साली इथून डायल करायचं म्हणजे मुंबईला एसटीडी लावणं. लाइन जितकी लांबची आणि मिनिट जितकं महाग, तितकं तुटणं जास्त जिव्हारी लागतं. बेल लॅब्समधल्या माणसाची लाइन तुटली तर तो उठून शेजारच्या खोलीत जाऊ शकत होता. दूरच्या माणसाला ती सोय नसते.

यावर युनिक्समधला पहिला उपाय होता ‘नोहप’, म्हणजे ‘नो हँग अप’. हुकुमाच्या आधी हा शब्द लावला की फोन ठेवल्याचा सिग्नल त्या प्रोग्रामला लागत नाही. काम चालू राहतं, पडद्यावर यायची अक्षरं एका फाइलमध्ये जमा होतात. आजही कामाला येतो. अडचण एवढीच, की तुम्हाला त्या कामात परत जाता येत नाही. मधेच त्याने विचारलं, ‘हो की नाही?’, तर उत्तर कोण देणार? गिरणी चालू आहे, पण दार आतून बंद.

दार उघडलं १९८७ साली, बर्लिनमध्ये. तिथल्या तांत्रिक विद्यापीठातले ऑलिव्हर लाउमान आणि कार्स्टेन बोरमान यांचा ‘स्क्रीन’ हा प्रोग्राम आला. पुढे तो ग्नू प्रकल्पाचा भाग झाला. टर्मिनलला तेव्हा काचेचा पडदा आला होता, पण एकच, ८० अक्षरं रुंद आणि २४ ओळी उंच. त्या एका पडद्यावर अनेक कामं आलटून पालटून करता यावीत म्हणून स्क्रीन. आणि त्यातच डिटॅच आलं.

हे कसं चालतं ते समजून घ्या, कारण आजच्या भागाची किल्ली इथे आहे. युनिक्समध्ये तोपर्यंत खोट्या टर्मिनलची सोय आली होती. प्रोग्रामला वाटतं आपण खऱ्या टीटीवायवर चाललोय, पण पलीकडे यंत्र नसून दुसरा प्रोग्राम असतो. स्क्रीन तो पलीकडचा प्रोग्राम होतो. तुमचं काम स्क्रीनला बांधलेलं, आणि तुम्ही स्क्रीनचा फक्त दर्शनी भाग बघता. लाइन तुटली की फोन ठेवल्याचा निरोप त्या दर्शनी भागाला मिळतो आणि तो मिटतो. आतला भाग सर्व्हरवर तसाच बसलेला असतो. तुमच्या कामाला कळतही नाही की तुम्ही गेलात. रेंज आली की नवा दर्शनी भाग उघडायचा, पडदा जसा सोडला तसा समोर.

वीस वर्षांनी, २००७ मध्ये, निकोलस मॅरियट यांनी हीच कल्पना नव्याने लिहिली. तिचं नाव ‘टीमक्स’. स्क्रीनमध्ये हुकूम द्यायला आधी कंट्रोल आणि ए दाबावं लागतं. टीमक्समध्ये कंट्रोल आणि बी. ए का नाही? कारण टीमक्स लिहिताना लेखक स्वतः स्क्रीनच्या आत बसून काम करत होता, आणि ए ची किल्ली स्क्रीनने घेतलेली होती. २००९ मध्ये ओपनबीएसडी या सिस्टिमने आपल्या ४.६ आवृत्तीत टीमक्स मूळ सिस्टिममध्येच घेतलं. आज नवीन शिकणाऱ्याला बहुतेक जण टीमक्सच सांगतात.

आता शेअरिंग. सेशन जर सर्व्हरवर बसलेलं असेल, तर त्याला एकच माणूस का जोडावा? दोघं जोडले तर दोघांना एकच पडदा दिसेल, दोघं टाइप करू शकतील. एकाच मशिनवरच्या दोन माणसांनी टर्मिनलवर बोलण्याची सोय युनिक्सला पहिल्यापासून होती. १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलमध्येच ‘राइट’ हा हुकूम आहे, दुसऱ्याच्या टर्मिनलवर निरोप छापणारा. त्याच्याही आधी, ९ डिसेंबर १९६८ ला, डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत भरसभेत दूरच्या सहकाऱ्याबरोबर एकच पडदा वापरून दाखवला होता. स्क्रीन आणि टीमक्सने ती गोष्ट साध्या अक्षरी टर्मिनलवर सगळ्यांच्या हातात दिली. पुढे निकोला व्हिएनो यांनी टीमक्सवरूनच ‘टीमेट’ बनवलं. ते सुरू केलं की एक पत्ता मिळतो, तो समोरच्याला पाठवला की तो जगात कुठूनही तुमच्या पडद्यात.

याचा आपल्याकडे उपयोग काय? पुण्यातला शिकवणारा आणि पाथर्डीतला शिकणारा एकाच टर्मिनलमध्ये बसू शकतात. व्हिडिओ कॉलवर पडदा शेअर करायला डेटा फार खर्च होतो आणि अक्षरं पुसट दिसतात. इथे फक्त अक्षरंच ये-जा करतात, म्हणून कमकुवत रेंजवरही जमतं. दादा, तिथे स्पेस राहिली बघ, असं फोनवर सांगण्यापेक्षा शिक्षक थेट दुरुस्त करून दाखवतो.

पण इथे जरा दमानं. टर्मिनल शेअर करणं म्हणजे घराची किल्ली देणं. समोरचा तुमच्या नावाने काहीही करू शकतो, फाइल पुसू शकतो, पासवर्ड वाचू शकतो. म्हणून टीमेटचा पत्ता कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. नुसतं दाखवायचं असेल तर टीमक्सला फक्त बघण्यापुरतं जोडता येतं, ते वापरा. आणि हा धोका पुस्तकी नाही. मे २०२५ मध्ये सुसे कंपनीच्या सुरक्षा गटाने स्क्रीनच्या ५.० आवृत्तीतली एक चूक जाहीर केली. काही सिस्टिमवर स्क्रीनला मालकाचे, म्हणजे रूटचे, अधिकार देऊन ठेवलेले असतात. वेगवेगळ्या माणसांनी एक सेशन वापरायचं तर स्क्रीनला ते लागतात. अशा ठिकाणी साधा वापरकर्ताही अख्ख्या मशिनचा मालक होऊ शकत होता. शेअरिंगसाठी दिलेली सूटच भोवली.

आता मोबाइलकडे येऊ. टीमक्सने काम वाचवलं, पण वाईट रेंजवर टाइप करण्याचा वैताग उरलाच. एक अक्षर दाबा आणि ते दिसायची वाट बघत बसा. २०१२ मध्ये एमआयटीचे कीथ विन्स्टीन आणि हरी बालकृष्णन यांनी ‘मॉश’ मांडलं. बालकृष्णन यांचा जन्म आपल्या नागपूरचा. मॉश दोन गोष्टी करतं. वायफायवरून मोबाइल डेटावर गेलात, पत्ता बदलला, फोन झोपून उठला, तरी जोडणी तुटत नाही. आणि तुम्ही टाइप केलेलं अक्षर सर्व्हरच्या उत्तराची वाट न बघता अंदाजाने लगेच दाखवलं जातं, चुकलं तर मागाहून दुरुस्त होतं. त्यांनी एका ३जी नेटवर्कवर मोजलं. किल्ली दाबल्यापासून उत्तर दिसायला नेहमीच्या एसएसएच जोडणीत मधला आकडा ५०३ मिलिसेकंद, मॉशमध्ये ५ हून कमी. अर्ध्या सेकंदाचा फरक ऐकायला छोटा वाटतो, पण प्रत्येक अक्षराला अर्धा सेकंद थांबून एक ओळ लिहून बघा. मढीच्या यात्रेत कानिफनाथांच्या गडाखाली उभं राहून मेसेज पाठवायचा प्रयत्न केलाय ना, तसं.

जुना वाद मात्र मिटलेला नाही. मे २०१६ मध्ये लिनक्सवरच्या सिस्टिमडीची २३० क्रमांकाची आवृत्ती आली. तिच्यात मूळ सेटिंग असं होतं, की माणूस लॉगआउट झाला की त्याचं मागे राहिलेलं सगळं बंद करायचं, स्क्रीन आणि टीमक्ससुद्धा. करणाऱ्यांचं म्हणणं, मागे भुतासारखे राहिलेले प्रोग्राम मशिन अडवतात आणि सुरक्षेलाही बरे नाहीत. वापरणाऱ्यांचं म्हणणं, आम्ही गेलोच नाही, जाऊन येणार आहोत. जोरदार भांडण झालं आणि डेबियनने आपल्याकडे ते सेटिंग बंद ठेवलं. १९७१ चाच प्रश्न पुन्हा आला होता. जोडणी तुटली म्हणजे माणूस गेला, असं मशिनने धरायचं का?

मला या सगळ्या इतिहासात हाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. आपल्या तालुक्यात याचं उत्तर सगळ्यांना माहीत आहे. दसरा झाला की ऊसतोडीला माणसं कारखान्यावर जातात. घराला कुलूप असतं नाहीतर म्हातारी माणसं मागे असतात. म्हणून कुणी त्यांचं नाव गावातून खोडत नाही. गेलेला माणूस परत येणार हे धरूनच इथले व्यवहार चालतात. ज्यांची लाइट जात नाही आणि लाइन तुटत नाही, त्यांना टीमक्स ही एक सोय आहे. आपल्याकडे ते नसेल तर फोनवरून शिकणाऱ्या पोराचा अख्खा दिवस जातो, आणि दोन-तीनदा असं झालं की शिकणंच सुटतं.

तर उपाय. अँड्रॉइडवर ‘टर्मक्स’ नावाचं अ‍ॅप आहे, शक्यतो एफ-ड्रॉइडवरून घ्या. त्यात कंट्रोलची किल्ली पडद्यावर मिळते, आणि आवाज कमी करायचं बटणही कंट्रोलचं काम करतं. एसएसएचने सर्व्हरला जोडा. तिथे पहिला हुकूम: टीमक्स न्यू, डॅश एस, आणि कामाचं नाव. काम लावा. बाहेर पडायचं तर कंट्रोल आणि बी, सोडा, मग डी. परत आल्यावर: टीमक्स अटॅच, डॅश टी, आणि तेच नाव. नाव विसरलात तर टीमक्स एलएस, यादी येईल. रेंज मधेच गेली तर काहीच करायचं नाही, परत येऊन अटॅच. बस, एवढंच.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, टीमक्स फोनमध्ये चालवून उपयोग नाही. बॅटरी वाचवायला अँड्रॉइड मागचं अ‍ॅप कधीही मारतो. सेशन तिथे ठेवायचं जिथली वीज टिकते, म्हणजे सर्व्हरवर. दोन, टीमक्स म्हणजे बॅकअप नाही. सेशन मेमरीत असतं, सर्व्हर रीस्टार्ट झाला की सगळं गेलं. फाइल वेळोवेळी सेव्ह करा. तीन, काम संपलं की सेशन बंद करा. उघडं ठेवलेलं सेशन म्हणजे उघडं दार.

तिसगावच्या मित्राला हे सगळं आधीच कळवलंय. तुम्ही करून बघितलंत आणि कुठे अडलात, तर व्हॉइस मेसेज पाठवा. पुढच्या भागात एसएसएचच्या किल्ल्यांबद्दल बोलू, म्हणजे पासवर्ड न टाकता सर्व्हर आपल्याला ओळखतो कसा. तोवर काळजी घ्या, फोन चार्ज ठेवा. राम राम.